पिंड सोडला, पुत्रलोभ सोडला काय?

नवदीक्षित बौद्ध बंधुभगिनींनो,

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. महाडच्या न्यायालयातील काम आटोपून मी कचेरीत येऊन बसलो होतो. पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवरून एक कुटुंब आले. नवरा महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. दीक्षा घेऊन त्यांना दोन वर्षेही झालेली नव्हती. बाईच्या मांडीवर तीन महिन्यांचा मुलगा, आणि बाकावर दोन मुली. एक आठ वर्षांची, दुसरी पाच. सोबत नवऱ्याचे मेहुणे होते आणि बोलण्याचे काम त्यांनीच आपल्याकडे घेतले होते.

"वकीलसाहेब, ग्रामपंचायतीची जागा आपल्या लोकांसाठी राखीव झाली आहे. ह्यांना उभे करायचे आहे. पण आता मुले तीन झाली. तेव्हा मधली मुंबईला मावशीकडे दत्तक दिली असा कागद करून द्या, म्हणजे दोनच राहतील."

मावशीला मुलगी नाही, एकच मुलगा आहे, म्हणून कायद्याने दत्तक अडणार नाही, एवढी चौकशी त्यांनी करून ठेवली होती. मावशी न घेईल तर काय, तेही त्यांच्याकडे तयार होते. "एखाद्या संस्थेत ठेवू. परदेशातले लोक घेऊन जातात. पोरीचे कल्याण होईल."

नवरा खाली मान घालून बसला होता. इतका वेळ गप्प असलेल्या बाईने तेवढ्यात एकच प्रश्न विचारला: "साहेब, कागद निवडणुकीपुरताच ना? नंतर तिला परत आणता येईल ना?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या बाईंना दिले. तेच उत्तर आज सर्वांसमोर मांडावयाचे आहे. कारण तो प्रश्न एका घरचा नाही.

प्रथम कायदा काय आहे तो पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ (१) मधील खंड (ज-१) अन्वये दोनपेक्षा अधिक अपत्ये असणारा मनुष्य ग्रामपंचायतीचा सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्याच्या घरी तिसरे मूल जन्मले त्याला ही अपात्रता लागते. अशीच अट जिल्हा परिषदेस, पंचायत समितीस व नगरपालिकेस आहे, आणि २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनी ती सरकारी नोकरीसही जोडली. हरियाणातील अशाच कायद्याविरुद्धचा जावेद खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २००३ साली न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला आणि मूल दत्तक देऊन टाकले म्हणून अपात्रता जात नाही, असेही सांगितले. २०१८ साली ओडिशातील एका सरपंचाच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा तेच म्हटले: जन्म किती दिले ते मोजावयाचे, घरात किती राहिली ते नव्हे. तेव्हा मुलगी देऊन जागा मिळत नाही. मुलगी जाते आणि जागाही जाते.

दुसरे, दत्तकाचा कागद निवडणुकीपुरता नसतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमात 'हिंदू' ह्या शब्दात बौद्धही येतात, म्हणून तो आपणांस लागू आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे दत्तक गेलेल्या मुलीचे जन्मदात्या कुटुंबाशी असलेले नाते त्या दिवसापासून तुटते. कलम १५ प्रमाणे एकदा रीतसर झालेले दत्तक कोणासच मोडता येत नाही. देणाऱ्यास नाही, घेणाऱ्यास नाही आणि मोठी झाल्यावर त्या मुलीसही नाही. कलम १७ प्रमाणे दत्तकाबद्दल पैसा देणे-घेणे हा गुन्हा आहे. आणि मूल प्रत्यक्षात न देता नुसताच कागद केला, तर ते दत्तक नव्हे; ती शासनाची फसवणूक आहे, आणि तसा कागद करून देणारा वकीलही तिच्यात भागीदार आहे. मी तो कागद केला नाही.

मेहुणे रागावून गेले. "दुसरा वकील करील," असे म्हणाले. करीलही. परंतु माझा वाद त्या दुसऱ्या वकिलाशी नाही. माझा वाद तिघांशी आहे: ह्या शासनाशी, परदेशच्या दत्तकाला परोपकार म्हणणाऱ्यांशी, आणि सर्वांत अधिक तुमच्या-माझ्याशी.

शासनापासून आरंभ करू. संततिनियमनास माझा विरोध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. ह्या विषयात आपली चळवळ कोणाच्या मागे नव्हती, पुढे होती. र. धों. कर्वे ह्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा प्रतिष्ठित समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखे वागविले. त्याच कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद रोहम ह्यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. सभागृहाने तो फेटाळला. पण त्या भाषणाचा आधार काय होता? बाळंतपणामागून बाळंतपण सोसून खंगणारी स्त्री, तिची प्रकृती आणि तिची इच्छा. नको असलेले गर्भारपण टाळण्याचा निर्णय तिच्या हाती असावा, हे त्याचे सार होते.

आता त्याच्या शेजारी शासनाचे धोरण ठेवा. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही, पण कायद्यावाचूनही काम थांबले नाही. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि आकडे पुरे करण्यासाठी ज्यांच्यावर हात पडला ते बहुतांशी गरीब होते. पुढे सक्ती गेली व तिच्या जागी दंड आला. (ज-१) हा त्या दंडाचाच एक प्रकार आहे.

हा दंड भरतो कोण? तिसरे मूल होऊ द्यावयाचे की नाही हे आमच्या वाड्यांवर सून ठरविते काय? सासू ठरविते, नवरा ठरवितो, 'एक तरी मुलगा हवा' हे वाक्य ठरविते. परंतु महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर ती सून निवडून आली असेल, तर अपात्र ती ठरते. हा आक्षेप जावेद खटल्यात मांडला गेला होता. न्यायालयाने तो मानला नाही. न्यायालयाचा आदर राखूनही मी म्हणेन की, तो निर्णय देणाऱ्यांनी पोलादपूरच्या डोंगरातील सून पाहिली नव्हती. निर्मला बुच ह्यांनी मध्यप्रदेश, राजस्थान, हरियाणा, ओडिशा व आंध्र प्रदेश ह्या पाच राज्यांत ह्या कायद्याच्या परिणामांची पाहणी केली. पद टिकविण्यासाठी बायको टाकणारे, मूल दत्तक देऊन टाकणारे, गर्भातील मुलगी काढून टाकणारे लोक त्यांना आढळले. आणि अपात्र ठरलेल्यांत दलित, आदिवासी व मागासवर्गीय ह्यांचा भरणा मोठा होता. हजारो वर्षे ज्यांना गावाच्या चावडीवर बसू दिले नाही, ते राखीव जागेच्या बळावर बसू लागले, तोच त्यांना उठविण्याचे हे नवे साधन निघाले!

आणि हे सारे कशासाठी? लोकसंख्या वाढते म्हणून? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील जननदर दर स्त्रीमागे १.७ आढळला, म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी राखण्यास लागणाऱ्या दराच्याही खाली. मध्यप्रदेशने व हरियाणाने ही अट पूर्वीच मागे घेतली. आंध्र प्रदेशाने २०२४ साली ती रद्द केली. रोग गेला तरी औषध पाजणारा वैद्य शहाणा म्हणावयाचा काय?

ह्या कायद्याचा मुख्य दोष असा की, तो अपत्ये मोजतो आणि पुत्रलोभ मोजत नाही. ज्याला दोन मुलगे झाले त्याला हा कायदा कधी बोचत नाही; तो दोनवर थांबतो व आदर्श कुटुंबप्रमुख म्हणून मिरवितो. बोचतो तो ज्याला दोन मुली झाल्या त्याला. संख्या दोनवर बांधली आणि मुलाचा हट्ट मोकळा सोडला, तर मधल्यामध्ये कोण चिरडणार? मुलगीच. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. १९९४ साली देशाने केला. तरी ह्याच महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ राहिल्या आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली हा आकडा ८०७ होता. ह्या मुली कोठे गेल्या हे मी तुम्हांस सांगावयास नको.

ज्या जन्मल्या त्यांचे काय? पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की सातारा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी एक सरकारी समारंभ झाला. सुमारे २८५ मुलींची नावे त्या दिवशी बदलण्यात आली, कारण त्या सर्वांचे नाव एकच होते: नकुशी. नको असलेली. ही नावे परक्यांनी ठेवलेली नव्हती. आईबापांनी व आजीआजोबांनी ठेवली होती, पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. समारंभ चांगला झाला. परंतु नाव बदलले म्हणून घरातील तिची जागा बदलली काय, हे कोण पाहणार?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. "नको असलेली मुलगी परदेशी जाऊन सुखात राहिली तर तुमचे काय बिघडते?" असे विचारणारे सुशिक्षित मला भेटतात. जे मूल खरोखर निराधार आहे, त्याला घर मिळावे, देशात न मिळाल्यास परदेशात मिळावे; त्यास माझी हरकत नाही. परक्या मुलीला पोटच्या पोरीप्रमाणे वाढविणाऱ्या त्या आईबापांची निंदाही मी करणार नाही. माझी हरकत आहे ती आईबाप जिवंत असताना मुलीला निराधार बनविण्यास.

ह्या मार्गाचा इतिहास पाहा. परदेशी दांपत्यांना आपल्या कायद्याने दत्तक घेता येत नसे. ती १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालकत्व घेत, मूल आपल्या देशी नेत व तेथे दत्तकविधान करीत. ह्या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलाने सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, आणि त्यावरून १९८४ साली न्यायालयाने नियम घालून दिले: आधी देशात घर शोधा, मग परदेशाकडे पाहा, मध्यस्थाला नफा होऊ देऊ नका, आईची संमती मोकळेपणाची असू द्या. १९९० साली त्यासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. तरीही २०१० साली पुण्याच्या प्रीतमंदिर संस्थेविरुद्ध, परदेशी दत्तकातील पैशांच्या व मुले मिळविण्याच्या रीतीविषयीच्या आरोपांवरून, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाला गुन्हा नोंदवावा लागला. ज्या वस्तूला परदेशात मागणी आहे आणि घरात किंमत नाही, तिचा बाजार भरण्यास वेळ लागत नाही. मुलीची वस्तू होऊ द्यावयाची काय, एवढाच प्रश्न आहे.

२०१८-१९ ह्या वर्षी देशात ३,३७४ मुले दत्तक गेली, त्यांत १,९७७ मुली होत्या. परदेशी ६५३ गेली, त्यांत ४२१ मुली होत्या. हे आकडे दाखवून काही लोक म्हणतात, "पाहा, आता लोकांना मुलीच अधिक आवडतात!" काही घरांनी मुलगी मागून घेतली असेल, त्यांचे अभिनंदन. परंतु परदेशी जाणाऱ्या दर तीन मुलांत जवळजवळ दोन मुली का, ह्याचे पहिले उत्तर पाळण्यात शोधावयास हवे. पाळण्यात मुलीच अधिक येऊन पडत असतील, तर बाहेर जाणाऱ्याही त्याच अधिक असणार.

संख्येचा कायदा आणि मुलाचा हट्ट एकत्र आले म्हणजे काय होते, हे चीनने साऱ्या जगास दाखविले आहे. १९८० च्या सुमारास तेथे एका मुलाचा नियम आला. पुढे अनेक खेड्यांत अशी सूट मिळाली की, पहिली मुलगी झाल्यास दुसरे मूल चालेल; म्हणजे मुलगी ही अर्धेच अपत्य, असे शासनानेच लिहून दिले. १९९२ पासून तेथून दीड लाखाच्या आसपास मुले परदेशी दत्तक गेली. त्यांत बहुसंख्य मुली. एका मुलाचा नियम २०१५ अखेर संपला, परदेशी दत्तक २०२४ साली बंद झाले. नियम मागे घेता आला. गेलेल्या मुली मागे घेता आल्या नाहीत.

आता तिसरा पक्ष. तो म्हणजे आपण स्वतः.

त्या पोलादपूरच्या नवऱ्याला मी विचारले, "मुलगा कशाला हवा होता?" तो म्हणाला, "वंशाला दिवा नको का, साहेब?" मित्रहो, हा दिवा कोणत्या घरचा? २५ डिसेंबर १९२७ रोजी ह्याच महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात पुत्र शब्दाची फोड सांगितली आहे: पुत् नावाच्या नरकातून बापाला तारतो तो पुत्र. मेलेल्या बापाला पिंड हवा, पिंड देण्यास मुलगा हवा, आणि पोटचा नसेल तर दत्तक हवा. पण तोही मुलगाच. जुन्या हिंदू कायद्यात मुलगी दत्तक घेताच येत नसे, ह्याचे मूळ ह्या पिंडात आहे. तो दरवाजा उघडला हिंदू संहितेच्या लढ्याने, जिच्यापायी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. मुलीला दत्तक घेण्यास मान्यता देणारा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर पंधरा दिवसांनी, अमलात आला. ज्या कायद्याने मुलीला घरात घेण्याचा मार्ग खुला केला, त्याच कायद्याचा कागद करून आपण मुलीला घराबाहेर काढणार?

दीक्षा घेताना आपण ज्या बावीस प्रतिज्ञा केल्या, त्यांत श्राद्ध न करण्याची व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती म्हणताना आपण त्या नरकाची भीतीही सोडून दिली. पिंड गेला, नरक गेला. मग पिंडासाठी लागणारा पुत्रच तेवढा का राहिला? कोसलच्या पसेनदी राजाला मुलगी झाली आणि तो खिन्न झाला, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला सांगितले की, कन्याही पुत्राहून श्रेष्ठ निघू शकते. राजाला जे सांगितले ते वाडीवरच्या उमेदवाराला लागू नाही काय? डिसेंबर १९२७ मध्ये महाडात जमलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना बाबासाहेबांनी मुलींनाही शाळेत घाला असे सांगितले होते. त्यांना दोन वेळच्या भाकरीची भ्रांत होती. तरी त्यांनी ते ऐकले, म्हणून आज आपल्यात शिक्षिका, परिचारिका व वकील स्त्रिया आहेत.

"म्हातारपणी कोण सांभाळणार?" असे कोणी विचारतील. १९५६ च्या त्याच अधिनियमाप्रमाणे वृद्ध आईबापांचा निर्वाह करण्याची जबाबदारी मुलाइतकीच मुलीवर आहे. विवाहित मुलगीही त्यास बांधलेली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ठरविले. "जमीन दुसऱ्या घरी जाईल," असे दुसरे म्हणतील. २००५ पासून मुलगी जन्मतःच मुलाच्या बरोबरीने सहदायाद आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलची उरलीसुरली शंकाही फेडली. कायद्याने मुलीला मुलाच्या शेजारी बसविले आहे. तिला उठवितो तो आपल्या मनातील मनू.

म्हणून शासनाकडे माझी मागणी अशी की, खंड (ज-१) व त्यासारख्या सर्व तरतुदी रद्द कराव्यात, आणि गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची अंमलबजावणी कसोशीने करावी. संख्येला दंड न करता लिंगनिवडीला दंड करावा.

आणि तुमच्याकडे मागणी अशी. मुलगा झाल्यास पेढे आणि मुलगी झाल्यास बर्फी हा भेद बंद करा. जे वाटाल ते दोघांसाठी सारखे वाटा. वारसाची नोंद करताना सातबाऱ्यावर मुलीचे नाव लावा आणि तिच्याकडून हक्कसोड लिहून घेऊ नका. दोन मुलींवर थांबावयाचे तर अभिमानाने थांबा, आणि तो निर्णय घरच्या बाईला घेऊ द्या. निवडणुकीसाठी मूल लपवू नका. अपात्र ठरलात तर उघडपणे ठरा आणि कायद्याविरुद्ध उघडपणे लढा. एखाद्या घरावर खरोखरच मूल सोडण्याची वेळ आली, तर मध्यस्थाच्या हाती न देता बालकल्याण समितीसमोर जा. संमती दिल्यावरही फेरविचारास कायद्याने दोन महिने दिलेले आहेत, हे त्या आईला आधी सांगा. आणि ज्यांच्या घरी मूल नाही, त्यांनी मुलगी दत्तक घ्यावी. परदेशातील माणसे सात समुद्र ओलांडून येतात. आपणांस महाडहून अलिबागपर्यंत जाणे जड आहे काय?

त्या बाईंना मी सांगितले, "नाही, बाई. हा कागद झाला तर ती परत येणार नाही." त्यांनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिले, मग पाच वर्षांच्या त्या पोरीचा हात धरून त्या उठल्या आणि मेहुण्यांची वाट न पाहता पायऱ्या उतरून गेल्या. नवरा थोड्या वेळाने त्यांच्या मागून गेला. उमेदवारी अर्ज त्याने भरला नाही, असे मला पुढे कळले.

त्या घराने एक जागा गमावली, असे गाव म्हणते. त्या घराने दीक्षा खरी केली, असे मी म्हणतो.

जयभीम.